कालव्यावरच्या प्रवासाचा शेवट

इंग्लंडमधल्या कालव्यांवर नॅरोबोटीने, म्हणजे अरुंद आणि लांब अशा बोटीने, केलेला लांबचा प्रवास बहुधा जिथून सुरू झाला तिथेच संपतो. वसंतात बोट आपल्या नेहमीच्या धक्क्यावरून सुटते, सारा उन्हाळा पाण्यावर काढते आणि पानगळ सुरू झाली की त्याच धक्क्याला परत येऊन लागते. मधल्या काळात गावे लागतात, शहरे लागतात. पण त्यांपैकी एखाद्या गावी जायचे म्हणून कोणी ताशी चार मैलांच्या वेगमर्यादेत निघत नाही. तेच गाव मोटारीने तास-दोन तासांवर असते. अशा प्रवासाचे शेवटचे दिवस एक जुना प्रश्न पुढे आणतात. ज्या कृतीला गाठायचे ठिकाण नाही, तिचा शेवट म्हणजे काय? ती पुरी होते, की नुसती थांबते? धर्मविचाराने आणि तत्त्वज्ञानाने हा प्रश्न सबंध आयुष्याविषयी विचारला आहे. कालव्यावर तो लहान आकारात भेटतो आणि तिथे त्याची छाननी करणे सोपे जाते.

कालवा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पाटबंधारे येतात. इंग्लंडचे हे कालवे माल वाहण्यासाठी खोदलेले आहेत. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालव्यावरून वर्स्लीच्या खाणींचा कोळसा मँचेस्टरच्या दिशेने जाऊ लागला आणि पुढची सत्तरएक वर्षे देशभर खोदाई चालली. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने मर्सी, ट्रेंट, सेव्हर्न आणि टेम्स या चार नद्या एकमेकींना जोडण्याचा आराखडा मांडला. ट्रेंट अँड मर्सी कालव्याची पहिली कुदळ १७६६ मध्ये जोसाया वेजवुडने मारली. त्याच्या कारखान्यातली मातीची भांडी खराब रस्त्यांवर फुटत असत. मध्य इंग्लंडमधले लॉक, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे हौद, सात फूट रुंद ठेवले गेले, म्हणून त्यांतून जाणारी बोट सहा फूट दहा इंचांपेक्षा रुंद करता येत नाही. लांबी मात्र सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत जाते.

या सगळ्या बांधकामात उद्देशावाचून काही नव्हते. प्रत्येक बोगदा, प्रत्येक पूल, काठाकाठाने गेलेली, बोटी ओढणाऱ्या घोड्यांची वाट, सारे काही माल एका जागेहून दुसऱ्या जागी जावा यासाठी होते. बोट चालवणारी कुटुंबे मागच्या टोकाच्या छोट्या खोलीत राहत. तिथेच मुले जन्मत, तिथेच वाढत. त्यांच्यासाठी प्रवासाचा शेवट हा विचार करण्याचा विषयच नव्हता. कोळसा उतरवला की फेरी संपली आणि पुढच्या मालाचा हुकूम आला की नवी सुरू झाली. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, तेव्हा आधीच खिळखिळी झालेली ही वाहतूक मोडून पडली. ॲथरस्टोनच्या परिसरातला कोळसा लंडनजवळच्या साउथॉलमधल्या जॅमच्या कारखान्याला पोहोचवणारी अखेरची नियमित लांब पल्ल्याची फेरी ऑक्टोबर १९७० मध्ये बंद झाली.

त्यानंतर उरला तो उद्देश निघून गेलेला मार्ग. त्याच सात फुटी लॉकमधून आज रिकाम्या हातांनी निघालेली माणसे जातात. कुठेतरी पोहोचण्यासाठी एवढ्या काटेकोरपणे बांधलेली आणि आता कुठेही पोहोचायचे नसलेल्यांनी वापरलेली अशी दुसरी व्यवस्था शोधूनही सापडणे कठीण आहे. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने कालव्याचे महत्त्व इथे आहे.

ॲरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स'च्या नवव्या खंडात कृतींचे दोन प्रकार वेगळे केले. काही कृतींचा शेवट त्यांच्या बाहेर असतो. घर बांधणारा बांधत असतो तोवर घर झालेले नसते आणि घर झाले की बांधणे संपते. म्हणजे अशी कृती चालू असेपर्यंत अपुरी असते आणि पुरी होताच नाहीशी होते. दुसऱ्या प्रकारच्या कृतींचा शेवट त्यांच्या आतच असतो. पाहणारा पाहतो त्याच क्षणी त्याने पाहिलेलेही असते. विचार करणे, चांगले जगणे ही ॲरिस्टॉटलची आणखी उदाहरणे. त्या कधीही थांबल्या तरी अर्धवट राहत नाहीत, कारण त्यांना पुरे होण्यासाठी आणखी काळ लागत नव्हता. पहिल्या प्रकाराला तो कीनेसिस म्हणतो, दुसऱ्याला एनर्गेया.

कोळशाची बोट पहिल्या प्रकारात मोडते. आजची बोट वरवर तरी दुसऱ्या प्रकारात मोडते. ती वाटेत कुठेही थांबवली तरी तोवरचा प्रवास झालेला असतो, कारण पोहोचायचे राहून गेले असे म्हणायला ठिकाणच नसते. ॲरिस्टॉटलची मांडणी एवढ्यावर सोडली तर शेवटच्या दिवसांचा प्रश्न सुटला असे वाटेल: जे रोजच पुरे होते त्याच्या संपण्याने काहीच हिरावले जात नाही. पण प्रत्यक्षात असा प्रवास करणाऱ्यांना शेवटचा आठवडा जड जातो. हे जडपण नुसत्या दुबळेपणाचे लक्षण मानून बाजूला सारणे योग्य नाही. त्यात काही खरे असले पाहिजे, आणि ते काय हे पाहण्यासाठी पाण्याकडेच वळावे लागते.

भारतीय परंपरेत पाण्यावरच्या शेवटाची सर्वांत ओळखीची प्रतिमा नदीची आहे. मुंडक आणि प्रश्न या उपनिषदांत नद्या समुद्राला मिळतात आणि आपले नाव-रूप टाकतात. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात त्या समुद्रच होतात आणि आपण अमुक नदी होतो हे त्यांना कळत नाही. शेवट म्हणजे विलीन होणे, आणि त्या शेवटाची ओढ उताराच्या रूपाने पाण्यातच असते. नदीला समुद्राकडे जाण्याचा निर्णय घ्यावा लागत नाही. ही प्रतिमा भारतीय मनात इतकी मुरली आहे की कुठल्याही जलप्रवासाचा शेवट तिच्याच साच्यात बघितला जातो.

कालव्याला हा साचा लागू पडत नाही. कालव्याला उगम नसतो, मुख नसते आणि बहुतेक ठिकाणी लक्षात येण्याजोगा प्रवाहही नसतो. टेकडी ओलांडणाऱ्या कालव्याचा सर्वांत उंच भाग मध्येच कुठेतरी असतो. तिथे जलाशयांतून पाणी आणून सोडतात आणि ते लॉकमागून लॉक दोन्ही बाजूंना खाली उतरते. ऑक्सफर्ड कालव्याचा असा माथा सुमारे अकरा मैलांचा आहे. खोदाई वाचवण्यासाठी तो एकाच उंचीची रेषा धरून जमिनीच्या वळणावळणाने नेला आहे, त्यामुळे तीच टेकडी आधी डावीकडे, मग समोर, मग उजवीकडे दिसत राहते. पाणी बोटीला कुठेही नेत नाही. शेवटाकडे ओढणारे काही त्या पाण्यात नसते. प्रवास पुढे जातो तो इंजिनामुळे आणि संपतो तो माणसाने संपवला म्हणून. नदीच्या प्रतिमेत शेवट स्वभावातून येतो. कालव्यावर तो ठरवावा लागतो. शेवटच्या दिवसांच्या जडपणाचे पहिले कारण हेच दिसते: ज्याला स्वतःचा शेवट नाही त्याला बाहेरून शेवट लावण्याचे काम त्या दिवसांत माणसाला करावे लागते.

बाहेरून लागणारा शेवट कसा असतो याचा बारकाईने विचार मार्टिन हायडेगरने केला आहे. 'बीइंग अँड टाइम' या १९२७ च्या ग्रंथात मृत्यूकडे वळण्याआधी तो साध्यासुध्या गोष्टी किती वेगवेगळ्या तऱ्हांनी संपतात हे पाहतो. पाऊस संपतो म्हणजे नाहीसा होतो. रस्ता संपतो तेव्हा नाहीसा होत नाही. उलट तो कुठवरचा रस्ता आहे हे त्या शेवटाने ठरते. चित्र शेवटच्या फटकाऱ्याने पुरे होते. पाव खाऊन संपतो. फळ पिकते, आणि पिकण्याकडे जाणे हे कच्च्या फळाच्या असण्यातच असते. हायडेगरचे म्हणणे असे की माणसाचा मृत्यू यांपैकी कशातच नीट बसत नाही; माणूस पहिल्यापासून आपल्या शेवटाच्या संबंधात जगत असतो.

ही यादी कालव्यावरच्या प्रवासाला लावून पाहिली की बरेच काही उलगडते. कधी तो पावसासारखा मध्येच थांबायच्या बेतात येतो. एल. टी. सी. रोल्ट हे अभियंते आणि लेखक १९३९ च्या उन्हाळ्यात 'क्रेसी' या बोटीतून बॅनबरीहून निघाले आणि प्रवास चालू असतानाच महायुद्ध जाहीर झाले. त्या प्रवासावरचे त्यांचे 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये निघाले, आणि ते वाचून भेटायला आलेल्या रॉबर्ट एकमन यांच्यासोबत त्यांनी १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन केली. कालवे बुजवले जाण्यापासून वाचले त्यात या संस्थेचा वाटा फार मोठा आहे. युद्धाने त्या प्रवासाचा रंग बदलला, पण त्यातून निघालेले काम वाढतच गेले. बहुतेक प्रवास मात्र पावासारखे संपतात: सुट्टी सरते, पैसे सरतात, किंवा हिवाळ्यातली दुरुस्ती सुरू होऊन पुढचे लॉक बंद होणार असतात. सरलेली वस्तू प्रवास नसते, त्याचा शिधा असतो. हा फरक लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे. शिधा मोजता येतो आणि प्रवासी तो मोजू लागतो.

कालव्यावर हा हिशेब करण्याची एक रूढ रीत आहे. पुढच्या वाटेतले मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीनने भागायचे. येईल तेवढे तास. ट्रेंट अँड मर्सी, स्टॅफर्डशर अँड वूस्टरशर आणि श्रॉपशर युनियन या कालव्यांनी बनलेले फोर काउंटीज रिंग नावाचे वर्तुळ ११० मैलांचे आणि ९४ लॉकचे आहे. म्हणजे जवळजवळ सत्तर तास. प्रवासाच्या सुरुवातीला ही बेरीज क्वचितच कोणी करते. शेवटच्या आठवड्यात ती रोज होते. तोवर प्रत्येक दिवस त्या दिवसापुरता होता. आता तो उरलेल्यांपैकी एक होतो. ॲरिस्टॉटलच्या भाषेत, जी कृती दुसऱ्या प्रकारची होती ती पहिल्या प्रकारात सरकते. धक्का हे आता गाठायचे ठिकाण होते आणि दिवस तिथवरचे अंतर. पाणी, बोट, वेग यांत काहीच बदललेले नसते. बदल झालेला असतो तो प्रवाशाच्या मोजण्यात.

त्यातून दोन प्रवृत्ती निघतात. काही जण घाई करतात. पहाटे इंजिन सुरू करून अंधार पडेपर्यंत चालवतात आणि दोन दिवसांचे अंतर एका दिवसात उरकतात. काही जण रेंगाळतात. दुपारीच बोट बांधतात, फाट्याला लागणारा एखादा जास्तीचा कालवा पाहून येतात. दोन्हींचे मूळ एकच आहे. दोघांनीही शेवट हीच खरी घटना मानली आहे, एकाला ती लवकर हवी आहे आणि दुसऱ्याला उशिरा.

रेंगाळण्याच्या प्रवृत्तीवर ख्रिस्ती परंपरेत एक फार जुने विवेचन आहे. संत ऑगस्टीन यांनी ३९७ च्या सुमारास लिहायला घेतलेल्या 'ख्रिस्ती सिद्धान्ताविषयी' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात अशा माणसांची कल्पना केली आहे की ज्यांना परक्या मुलुखातून आपल्या देशी परतायचे आहे, कारण सुख तिथेच आहे. त्यासाठी जमिनीवरचे किंवा पाण्यावरचे वाहन लागणारच. पण वाटेतले सौंदर्य आणि वाहनाची हालचाल यांतच ती रमली, तर जे वापरायचे होते त्याचा भोग घेऊ लागतील आणि वाट लवकर संपू नये असे त्यांना वाटू लागेल. ऑगस्टीन यांच्या मते जगातल्या सर्व गोष्टी अशा वाहनासारख्या आहेत. त्यांचा उपयोग करावा. रमायचे ते एका ईश्वरात. जहाजाच्या डोलण्याने सुखावणारा आणि म्हणून बंदर नको असणारा प्रवासी त्यांना धोक्यात आलेला माणूस वाटतो.

कालव्यावर शेवटचा आठवडा लांबवणाऱ्याचे वर्णन यापेक्षा अचूक करता येणार नाही. तरी ऑगस्टीन यांची मांडणी इथे पुरती बसत नाही, आणि ती कुठे अडते हे पाहिले पाहिजे. तिच्यात देश एकीकडे आणि वाहन दुसरीकडे असते. नॅरोबोटीत चूल, बिछाना, पुस्तके असतात; घर प्रवाशाबरोबर चालत असते. शिवाय वर्तुळ पुरे करून जिथे पोहोचायचे तो धक्का हा काही परम सुखाचा देश नव्हे. ज्या ठिकाणाची थोरवी पटलेली नाही त्याच्यासाठी वाटेतला आनंद दाबून टाका, असे सांगण्याचा अधिकार त्या ठिकाणाला नसतो. ऑगस्टीन यांचा इशारा ईश्वराच्या संदर्भात खरा आहे. तो उचलून प्रत्येक परतीला लावणे हा त्यांच्यावर आणि प्रवाशावरही अन्याय आहे.

त्याच ख्रिस्ती परंपरेत याच्या उलट टोकाचे उदाहरण आहे आणि तेही ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या इतिवृत्तात ८९१ सालाखाली अशी नोंद आहे की तीन आयरिश माणसे वल्ह्यांशिवायच्या होडीतून राजा आल्फ्रेडकडे आली. होडी अडीच कातड्यांची होती आणि त्यांनी सात दिवसांचे अन्न बरोबर घेतले होते. ईश्वराच्या प्रेमाखातर परदेशात राहायचे एवढेच त्यांना ठाऊक होते. तो परदेश कोणता याची त्यांना पर्वा नव्हती. सातव्या रात्री ती कॉर्नवॉलला लागली. इथे वाहनाचा उपयोगही नाही आणि भोगही नाही. वल्ही मागे ठेवून त्यांनी शेवट ठरवण्याचा हक्कच सोडून दिला होता. कालव्यावर हे करता येत नाही, कारण तिथे वाहून नेणारे पाणी नाही. या तिघांना समुद्र होता. कालव्यावरच्या माणसाच्या हाती सुकाणूचा दांडा असतो आणि तो खाली ठेवला तर बोट काठाच्या झुडपांत जाऊन अडकते.

शेवटच नको असे म्हणणाऱ्यांनाही कालव्यावर जागा आहे, पण तिला नियम आहेत. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार बोटीला परवाना हवा असेल तर एक तर तिचा कायमचा धक्का असावा लागतो, नाहीतर ती परवान्याच्या सबंध मुदतीत खरोखरच जलप्रवासासाठी वापरली जाईल आणि सबळ कारणाशिवाय कोणत्याही एका जागी सलग १४ दिवसांहून जास्त थांबणार नाही, याची खात्री द्यावी लागते. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत आणि हा नियम तीच संस्था राबवते. ब्रिस्टलच्या एका न्यायालयापुढे असा प्रश्न आला होता की दहाएक मैलांच्या टापूत राहण्यासाठी म्हणून बोट पुढेमागे सरकवत राहणे हा प्रवास होतो का. न्यायालयाने नाही म्हटले. न्यायाधीशांसमोर आलेला तो प्रश्न तत्त्वज्ञानाचाच होता: नुसती हालचाल आणि प्रवास यांत भेद कशाने पडतो? कायद्याचे उत्तर हेतूकडे बोट दाखवते. पण त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. ज्याने कधी संपवायचे नाही असे ठरवले त्यालाही दर पंधरवड्याला एक छोटा शेवट करावाच लागतो.

बौद्ध परंपरेने शेवटाचा प्रश्न वाहनाच्या बाजूने मांडला आहे. मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात एक माणूस गवत, काटक्या आणि फांद्या बांधून तराफा करतो आणि हातापायांनी पाणी मारत पैलतीर गाठतो. या तराफ्याचे आपल्यावर उपकार आहेत म्हणून तो डोक्यावर घेऊन पुढे चालू लागला तर ते योग्य होईल का, असे बुद्ध विचारतात. योग्य हे की त्याने तो काठावर ओढून ठेवावा किंवा पाण्यात सोडून द्यावा आणि आपल्या वाटेने जावे. हा दृष्टान्त धम्माविषयी आहे, प्रवासाविषयी नाही. तरी त्यात शेवटच्या दिवसांना लागू पडणारे एक सूत्र आहे. कृतज्ञता आणि धरून ठेवणे या एक गोष्टी नव्हेत, आणि पुष्कळदा दुसरीच पहिलीचे नाव घेऊन येते.

वेदान्ताने विचारलेला प्रश्न कालव्याच्या आणखी जवळ जातो. ज्ञान झाले, म्हणजे जे व्हायचे ते झाले. मग देह लगेच का पडत नाही? सांख्यकारिका आणि शंकराचार्यांचे ब्रह्मसूत्रभाष्य दोन्ही कुंभाराच्या चाकाकडे बोट दाखवतात. कुंभाराने हात काढला तरी मिळालेला वेग संपेपर्यंत चाक फिरत राहते. तसे प्रारब्ध भोगून सरेपर्यंत देह राहतो. नॅरोबोट चालवणाऱ्याला हे हाताने कळते. पंधरा-वीस टनांच्या पोलादी बोटीला ब्रेक नसतो. इंजिन मंद केल्यावरही ती कितीतरी लांब सरकत राहते, आणि पंख्याने सुकाणूवर ढकललेले पाणी थांबल्यामुळे नेमकी त्याच वेळी ती वळवणे कठीण होते. धक्क्याला लागण्याची तयारी म्हणून धक्क्याच्या पुष्कळ आधी करावी लागते.

परतीचा निर्णय झाल्यानंतरचे दिवस असे असतात. शेवट ठरून गेलेला असतो, गती उरलेली असते. वेदान्ताचे या अवस्थेबद्दलचे म्हणणे ध्यानात घेण्यासारखे आहे: जीवन्मुक्त प्रारब्ध ढकलून देत नाही आणि त्याला कवटाळतही नाही. उरलेले दिवस त्याला कमी दर्जाचे वाटत नाहीत. अर्थात हा दृष्टान्त फार ताणू नये. उन्हाळाभर बोट चालवून कोणी मुक्त होत नाही आणि कालव्यावरच्या संथपणाला साधना म्हणण्याची जी सवय अलीकडे लागली आहे ती साधनेचे मोल कमी करते. संथ चालणाऱ्या बोटीतही माणूस तितकाच अधीर असू शकतो.

प्रवाहाचा अभाव आणि बोटीची लांबी यांमुळे शेवटच्या दिवशी आणखी एक गोष्ट करावी लागते. साठ-सत्तर फुटांची बोट कालव्यात हवी तिथे वळत नाही. त्यासाठी ठरावीक ठिकाणी काठ खोदून रुंद जागा केलेल्या आहेत. बोटीचे तोंड ज्या दिशेला हवे त्या दिशेला नसेल तर प्रवासी आपल्या धक्क्यावरून तसाच पुढे जातो, मैल-दोन मैलांवरच्या वळणाच्या जागी बोट फिरवतो आणि मागे येतो. ज्याला प्रवासाचा शेवट म्हणून आठवडाभर मनात धरले होते ती जागा बाजूने निघून जाते आणि बोट चालूच राहते. शेवट हा त्या जागेचा गुण नव्हता, हे दाखवून देणारा याहून सोपा पुरावा मिळणार नाही.

मग शेवटच्या दिवसांना स्वतःचे असे काही उरते का? उरते, पण ते प्रवाशाच्या अनुभवात शोधून सापडत नाही. ते लॉकवर सापडते. लॉक म्हणजे दोन पातळ्यांमधला विटा-दगडांचा हौद, दोन्ही टोकांना लाकडी दारे. बोट आत घ्यायची, मागचे दार लावायचे, विंडलस नावाच्या लोखंडी दांड्याने झडपा उचलायच्या आणि पाण्याची पातळी सारखी होईपर्यंत थांबायचे. सात फुटी लॉक एकदा भरण्याला सुमारे एक लाख लिटर पाणी लागते. माथा ओलांडणारी बोट त्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना एकेक लॉकभर पाणी खाली नेते. ते पाणी जलाशयांत साठवलेले असते आणि कोरड्या वर्षी ते पुरत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात लीड्स अँड लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग त्यामुळे बोटींना बंद ठेवावा लागला. एक झडप उघडी राहिली तर दोन लॉकमधले पाणी रात्रीतून उतरते आणि तिथे बांधलेल्या बोटी सकाळी चिखलात टेकलेल्या असतात. खाली उतरताना बोटीचा मागचा भाग वरच्या दाराखालच्या दगडी उंबऱ्यावर अडकला तर पाणी उतरेल तशी बोट पुढे कलंडते आणि बुडते. म्हणूनच लॉकच्या भिंतीवर त्या उंबऱ्याची हद्द पांढऱ्या रेषेने दाखवलेली असते. हा धोका पहिल्या लॉकला असतो तेवढाच शेवटच्या लॉकला असतो.

इथे ॲरिस्टॉटलच्या विभागणीतली एक उणीव दिसते. प्रवास हा प्रवाशाचा अनुभव म्हणून रोज पुरा होत असेल. पण सर्वांच्या पाण्याचा वापर म्हणून तो प्रत्येक लॉकवर अपुरा असतो आणि दार लावून, झडपा खाली सोडूनच पुरा होतो. कितीही आनंद घेतला तरी ते दार आपोआप लागत नाही. जी कृती करणाऱ्यापुरती स्वयंपूर्ण आहे, ती मागून येणाऱ्यापुरती स्वयंपूर्ण नसते. शेवटच्या दिवसांत मन आधीच घरी पोहोचलेले असते किंवा मागे रेंगाळत असते, आणि दोन्ही वेळा दुर्लक्ष होते ते याच कामाकडे. ऑगस्टीन यांच्या विवेचनात प्रवासी आणि त्याचा देश आहे, बुद्धांच्या दृष्टान्तात माणूस आणि तराफा आहे. त्याच वाटेने मागून येणारा तिसरा या चित्रांत दिसत नाही. कालव्यावर तो तिसरा कायम असतो. बहुतेक वेळा त्याची ओळखही नसते.

शेवटाचा शोक किंवा उत्सव या दोन्हींहून हे कर्तव्य जुने आणि अधिक खरे आहे. वापरलेली प्रत्येक सोय पूर्वी कोणीतरी नीट बंद करून ठेवली होती म्हणूनच हा प्रवास होऊ शकला. त्यामुळे शेवटच्या लॉकला वेगळा नियम नाही. दार लावायचे, झडपा उतरवायच्या, बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन मंद करायचे, धक्क्याला दोर नीट आवळायचे. हे करून झाले की प्रवासाकडून कोणाचे काही येणे उरत नाही आणि तो संपला असे म्हणता येते.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ठिकठिकाणचे लॉक दुरुस्तीसाठी रिकामे केले जातात. त्या वेळी झिजलेली दारे काढून ओक लाकडाची नवी बसवतात. प्रत्येक दार त्या-त्या लॉकच्या मापाने बनवलेले असते आणि साधारण पंचवीस वर्षे टिकते.